समोरच्याच्या कपाटातली प्रत: रॉबर्ट पॅक्स्टन आणि फ्रान्सने झाकलेली चार वर्षं

हा भाग नांदुऱ्याला, आमच्या घराच्या गच्चीवर रेकॉर्ड केलाय. ऑडिओ ऐकला असेल तर मधूनमधून मालगाडी जाताना ऐकू आली असेल. लिहून काढताना मालगाडी आणि माझे 'म्हणजे, म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जवळजवळ बोललो तसंच आहे.

आज एका इतिहासाच्या प्राध्यापकाबद्दल सांगायचंय. पण आधी एका पोस्टकार्डाबद्दल सांगतो, कारण त्या पोस्टकार्डामुळेच मी हा विषय वाचायला घेतला.

आमच्या आबांची चार एकर जमीन १९७२ च्या दुष्काळानंतर विकली गेली. घरात ऐकत आलेली गोष्ट अशी: आबा अडचणीत होते, समोरच्यानं गळा धरला आणि जमीन लिहून घेतली. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "त्याईच्या घरी पाय नाही ठेवाचा." त्यामुळे त्या घराशी आमचं लग्नकार्याचंही जाणं-येणं नाही. मागच्या दिवाळीत त्याच घरातला माझ्या वयाचा मुलगा भेटला. तो पुण्यात आयटीतच आहे. बोलता बोलता म्हणाला, आजोबांच्या पेटीत जुनी पत्रं सापडलीत, पाठवतो. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पोस्टकार्ड, अक्षर आबांचं. 'मागे दोनदा कळविले, उत्तर नाही. जमीन आपणच घ्यावी, भाव मागून ठरवू.'

म्हणजे समोरचा माणूस घ्यायला तयारच नव्हता. आबा मागे लागले होते.

हे मी अजून बाबांना दाखवलेलं नाही. त्याच आठवड्यात रॉबर्ट पॅक्स्टन या माणसाबद्दल वाचलं आणि डोक्यात ट्यूबलाइट पेटली. त्यांनी हेच काम एका अख्ख्या देशाच्या बाबतीत केलं होतं.

शाळेत दुसरं महायुद्ध दोन पानांत उरकतात, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. मे-जून १९४० मध्ये जर्मनीनं फ्रान्सला सहा आठवड्यांत लोळवलं. २२ जूनला युद्धबंदीचा करार झाला. उत्तर फ्रान्स आणि अटलांटिकचा किनारा जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला. दक्षिणेकडच्या भागात एक फ्रेंच सरकार उरलं आणि ते विशी नावाच्या गावातून चालायचं. विशी हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध गाव, हॉटेलं भरपूर, म्हणून मंत्रालयं हॉटेलांतच थाटली. या सरकारचा प्रमुख होता मार्शल फिलिप पेतँ. वय ८४, पहिल्या महायुद्धातला हिरो. १० जुलै १९४० ला फ्रेंच संसदेनं ५६९ विरुद्ध ८० मतांनी सगळे अधिकार या एका माणसाच्या हातात दिले. हा आकडा लक्षात ठेवा, कारण हे मतदान फ्रेंच लोकप्रतिनिधींनी केलं होतं.

युद्ध संपल्यावर पेतँवर खटला झाला. फाशीची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली. आणि मग एक सोयीची गोष्ट तयार झाली. गोष्टीत दोन पात्रं. लंडनला गेलेला जनरल द गॉल म्हणजे तलवार, आणि मागे थांबलेला पेतँ म्हणजे ढाल. पेतँनं जे केलं ते नाइलाजानं केलं, जर्मनांच्या मागण्यांना जमेल तेवढी टोलवाटोलवी करत देशाला वाचवलं. रोबेर आरों या लेखकानं १९५४ मध्ये विशीचा जाडजूड इतिहास लिहिला, त्यातही सूर साधारण हाच होता. घाणेरडी कामं केली ती जर्मनांनी, आणि त्यांच्या नादी लागलेल्या चार-दोन गद्दारांनी. बाकी सगळा देश मनातून प्रतिकार करत होता. वीस-पंचवीस वर्षं फ्रेंच मुलं हेच ऐकत वाढली. घरातल्या गोष्टी अशाच बनतात. त्यात कुणी मुद्दाम खोटं बोलत असतोच असं नाही.

पॅक्स्टन फ्रेंच नाहीत. जन्म १९३२, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं लेक्सिंग्टन. हे गावही मजेशीर आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचे दोन मोठे सेनापती, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन, तिथंच पुरलेले आहेत. हरलेली माणसं स्वतःबद्दल काय काय गोष्टी सांगतात, हे अशा गावात वाढलेल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नसेल, असं मला आपलं वाटतं. गावातल्याच कॉलेजातून पदवी घेतली, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, नौदलात नोकरी आणि १९६३ मध्ये हार्वर्डची पीएचडी. पुढे बर्कली, स्टोनी ब्रूक आणि १९६९ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९९७ पर्यंत, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. लिंक्डइनवर टाकलं तर एकदम सरळ करिअर. खरी मजा आहे ती पीएचडीच्या वेळी काय झालं त्यात.

विषय होता विशीच्या काळातले फ्रेंच लष्करी अधिकारी. १९६० च्या आसपास पॅक्स्टन पॅरिसला गेले. तेव्हा अल्जीरियाचं युद्ध पेटलेलं होतं, तिथले फ्रेंच सेनापती स्वतःच्याच सरकारविरुद्ध बंड करण्यापर्यंत गेले होते. अशा वेळी कुणी परदेशी पोरगा येऊन म्हणतो, मला तुमच्या लष्कराचे वीस वर्षांपूर्वीचे कागद बघायचेत. कोण दाखवणार? आणि नियमही आड यायचा. सरकारी कागद ५० वर्षं बंद. म्हणजे १९४० ची फाइल बघायची तर १९९० पर्यंत थांबा.

इथं आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलतात तेव्हा लॉग दोन्हीकडे पडतो. परवाच आमच्या टीमचं भांडण झालं. आम्ही म्हणत होतो, समोरच्या सिस्टिमनं चुकीची रिक्वेस्ट पाठवली. आमच्याकडचे लॉग जुने म्हणून उडालेले. शेवटी त्यांनी त्यांच्या बाजूचा लॉग काढला आणि रिक्वेस्ट आमच्याकडूनच गेल्याचं निघालं. त्या मीटिंगमध्ये पुढची पाच मिनिटं सगळे म्यूटवर होते.

विशी सरकार चार वर्षं कुणाशी बोलत होतं? जर्मनीशी. मग फ्रेंच कपाट बंद असलं तरी प्रत्येक पत्राची, प्रत्येक बैठकीची दुसरी नोंद जर्मन कपाटात असणार. आणि जर्मन कपाट तर १९४५ मध्ये दोस्तांच्या हाती लागलं होतं. परराष्ट्र खात्याचे, सैन्याचे टनावारी कागद अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांनी उचलले, त्यांची मायक्रोफिल्म केली आणि ती फिल्म वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये कुणीही बघू शकत होतं. म्हणजे फ्रान्सचा इतिहास अमेरिकेत, जर्मन भाषेत, फिल्मच्या रिळांवर पडून होता. पॅक्स्टन त्या मशीनसमोर बसले. पीएचडीचं पुस्तक १९६६ मध्ये आलं, पण ती रिळं बघता बघता प्रश्न मोठा होत गेला. फक्त लष्कर कशाला, अख्ख्या विशी सरकारचंच काय?

१९७२ मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक आलं, 'विशी फ्रान्स: ओल्ड गार्ड अँड न्यू ऑर्डर'. पुढच्या वर्षी फ्रेंच भाषांतर निघालं. गालिमार या फ्रान्समधल्या बड्या प्रकाशनानं ते नाकारलं होतं, सय यांनी छापलं.

काय होतं त्यात? जर्मन कागदांत पॅक्स्टन एक गोष्ट शोधत होते: जर्मनांनी दिलेले हुकूम आणि विशीनं त्यांना केलेला विरोध. ढाल असेल तर तिच्यावर वार झाल्याच्या खुणा दिसणार. पण दिसत होतं ते उलटंच. सहकार्य करू या, भागीदार होऊ या, नव्या युरोपात आम्हालाही जागा द्या, असे प्रस्ताव विशीकडून जात होते. ऑक्टोबर १९४० मध्ये मोंत्वार या छोट्या गावाच्या रेल्वे स्टेशनवर पेतँनं हिटलरशी हात मिळवला, त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. आठवड्याभरानं रेडिओवर पेतँनं स्वतः सांगितलं की आपण सहकार्याच्या वाटेवर निघालो आहोत. हिटलरला मात्र भागीदार नकोच होता. त्याला फ्रान्सचं धान्य, कोळसा, कामगार हवे होते आणि ते तसेही मिळत होते. विशी मागे लागलं होतं आणि समोरचा उत्तर देत नव्हता.

पोस्टकार्ड आठवतंय ना?

दुसरा मुद्दा त्याहून बोचरा. विशी सरकारनं देशात जे बदल केले, त्यांची मागणी जर्मनीनं केलीच नव्हती. संसद गुंडाळणं, कामगार संघटना मोडणं, शाळांतून शिक्षक काढणं, ही फ्रान्समधल्याच एका गटाची जुनी इच्छा होती. पराभव ही त्यांना संधी वाटली. ज्यूंना सरकारी नोकऱ्या, शिक्षण, वृत्तपत्रं यांतून हाकलणारा कायदा ३ ऑक्टोबर १९४० चा आहे. जर्मन हुकमाची वाट न बघता केलेला.

मला या माणसाची पद्धत आवडते, कारण ती आपल्याकडेही नवी नाही. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर घ्या. घरची भाषा कोकणी-मराठी, पोर्तुगीज शिकून गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घातलं आणि शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे यांच्याबद्दलचे ढीगभर कागद पोर्तुगीजांच्या कपाटातून काढले. पुणे विद्यापीठानं १९६७ मध्ये त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ छापला. त्यात मराठ्यांचा इतिहास पोर्तुगीज दफ्तरांतून उभा केलाय. आणि फ्रेंच कपाटाचं म्हणाल, तर पाँडिचेरीचा फ्रँस्वा मार्तँ. १६७७ मध्ये महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर होते तेव्हा त्यानं जर्मँ नावाचा आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठवला. मार्तँच्या नोंदींत त्या छावणीचं वर्णन आहे: डामडौल नाही, बायका नाहीत, सामानाचे ढीग नाहीत, फक्त दोन साधे तंबू. महाराजांचा साधेपणा आपण कीर्तनात ऐकतोच, पण इथं तो ज्याला महाराजांचं कौतुक करायचं काही कारण नाही अशा परक्या व्यापाऱ्याच्या वहीत आहे. समोरच्याची प्रत आपल्या विरोधातच जाते असं नाही. ती नुसती आपल्या हातातली नसते, इतकंच.

अर्थात परक्यानं लिहिलं की माणसं चिडतात. पुण्यात जानेवारी २००४ मध्ये एका अमेरिकन लेखकाच्या पुस्तकावरून भांडारकर संस्थेची मोडतोड झाली, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल किंवा घरात ऐकलं असेल. पॅक्स्टनच्या पुस्तकावर फ्रान्समध्ये मोडतोड झाली नाही, पण टीका मजबूत झाली. काल आलेला अमेरिकन, त्यानं इथली उपासमार बघितली नाही, कैदेतली वीस लाख फ्रेंच पोरं बघितली नाहीत, याला काय कळणार आमचं दुःख. हा आक्षेप मी सहज उडवून लावणार नाही. ज्यानं दुष्काळ बघितला नाही त्यानं आबांच्या पोस्टकार्डावर निकाल द्यावा का, हा प्रश्न मलाही पडतोच. फरक एवढाच की पॅक्स्टन दुःखाबद्दल बोलत नव्हते. कोणत्या तारखेला कुणी कुणाला काय लिहिलं, याबद्दल बोलत होते. आणि तरुण फ्रेंच वाचक ते वाचत होते. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनातून निघालेली पिढी होती ती, बापाला प्रश्न विचारायची सवय लागलेली. त्याच सुमारास विशीच्या काळावरचा मार्सेल ओफ्युल्सचा माहितीपट थिएटरांत लागला होता. फ्रेंच टीव्हीवर तो यायला १९८१ उजाडलं.

१९८१ मध्येच पॅक्स्टन आणि कॅनडाचे इतिहासकार मायकेल मारस यांचं 'विशी आणि ज्यू' हे पुस्तक आलं. हा भाग जड आहे. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये सुमारे १३,००० ज्यूंना घराघरांतून उचललं. त्यांत ४,००० हून जास्त मुलं. दार वाजवणारे पोलीस फ्रेंच होते, याद्या फ्रेंच पोलिसांनीच बनवलेल्या. अनेकांना सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियमवर कोंडलं. त्याआधी दहा दिवस, ६ जुलैला, पॅरिसमधला एसएसचा अधिकारी डानेकर यानं बर्लिनला तार केली: पंतप्रधान लाव्हाल यांनी सुचवलंय की विशीच्या भागातून कुटुंबं पाठवताना सोळा वर्षांखालची मुलंही न्यावीत. जर्मनांनी तोवर मुलं मागितलेली नव्हती. चार वर्षांत फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं, त्यांतले सुमारे अडीच हजार परत आले.

विशीची बाजू घेणारे म्हणतात, पण तीन-चतुर्थांश ज्यू वाचले की. वाचले, खरंय. पण दोघांचं म्हणणं असं की ते वाचले ते शेजाऱ्यांमुळे, खेड्यांत लपवणाऱ्या शेतकऱ्यांमुळे, डोंगरांमुळे. आणि जे गेले त्यांतले कितीतरी फ्रेंच पोलीस आणि फ्रेंच कारकून कामाला लागले म्हणून गेले, कारण जर्मनांकडे तेवढी माणसंच नव्हती.

मग कोर्ट. मोरिस पापों हा बोर्दोच्या प्रशासनातला युद्धकाळातला अधिकारी. युद्धानंतर त्याला काही झालं नाही, उलट तो पॅरिसचा पोलीसप्रमुख आणि पुढे अर्थसंकल्प खात्याचा मंत्री झाला. १९९७ मध्ये अखेर त्याच्यावर खटला उभा राहिला आणि ऑक्टोबरात पॅक्स्टन साक्षीला गेले. साठी उलटलेला अमेरिकन प्राध्यापक फ्रेंच न्यायाधीशांना फ्रेंच सरकार कसं चालायचं ते सांगतोय. काही फ्रेंच इतिहासकारांना हे पटलं नव्हतं. आँरी रुसो यांनी साक्ष द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, इतिहासकार काळ समजावतो, एका आरोपीचा निकाल लावणं त्याचं काम नाही. मला रुसोंचं म्हणणं तत्त्व म्हणून पटतं. पण ज्या कोर्टात बसलेल्यांना विशीची ढालीचीच गोष्ट माहीत आहे, तिथं कुणीतरी जाऊन बोलायला हवंच होतं. एप्रिल १९९८ मध्ये पापोंला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात साथ दिल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी १६ जुलै १९९५ ला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केलं होतं की त्या धरपकडीत फ्रेंच राज्यसंस्थेचा हात होता. पॅक्स्टनचं पुस्तक तेव्हा तेवीस वर्षांचं होतं.

नांदुऱ्याच्या श्रोत्यांसाठी त्यांचं एक कमी गाजलेलं पुस्तक मुद्दाम सांगतो, कारण मला ते सगळ्यात जवळचं वाटलं. ऑंरी दॉर्जेर आणि त्याचे 'हिरवे शर्ट'. १९३० च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा फ्रान्सच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या मोठमोठ्या सभा घेणारा हा माणूस. स्वतः शेतकरी नव्हे, खाटकाचा मुलगा आणि पत्रकार. पॅक्स्टन विचारतात, इतका राग होता, तर मग इटलीत जसे फॅसिस्ट खेड्यांतून वर आले तसे फ्रान्समध्ये का नाही आले? उत्तराचा एक भाग असा की फ्रान्समध्ये शेतमजुरांचा संप झाला तर सरकार स्वतः बंदोबस्त करायचं, त्यामुळे बड्या शेतकऱ्यांना खासगी टोळीची गरज उरली नाही. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावरून आपल्याकडे कोण कोण येऊन काय काय बोलून जातं, ते बाजार समितीच्या आवारात उभं राहून ऐका आणि मग हे पुस्तक वाचा.

पॅक्स्टन चुकले नाहीत असंही नाही. पियेर लाबोरी या फ्रेंच इतिहासकारानं दाखवलं की सामान्य लोक विशीपासून पॅक्स्टन म्हणतात त्याच्या बरेच आधी दुरावले होते. जर्मन कागदांत राज्यकर्ते दिसतात, रेशनच्या रांगेत काय बोलतात ते दिसत नाही. या पद्धतीचा हा तोटा आहेच. समोरच्याच्या लॉगमध्ये तुमची रिक्वेस्ट दिसते, ती पाठवताना तुमच्या घरात काय चाललं होतं ते दिसत नाही. पॅक्स्टननी नंतरच्या आवृत्त्यांत आपले काही निकाल जास्तच कडक होते हे मान्य केलं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहीत असल्यामुळे स्वतःच्या देशातल्या मेंढरासारख्या देशभक्तीचा रागही त्यात उतरला, असंही लिहिलं.

मुख्य मुद्दा मात्र टिकला. फ्रेंच कपाटं उघडत गेली तसा तो आणखी पक्का झाला. २०१० मध्ये ज्यूंविरुद्धच्या त्या ऑक्टोबर १९४० च्या कायद्याचा मसुदा उजेडात आला. त्यावर पेतँच्या स्वतःच्या हातच्या दुरुस्त्या होत्या. कायदा सौम्य करणाऱ्या? नाही, आणखी कडक करणाऱ्या. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, फ्रान्सनं पॅक्स्टनना लिजन ऑफ ऑनर दिला होता.

आणि हो, हा माणूस पक्षीनिरीक्षक आहे. हौशी नव्हे, न्यूयॉर्कच्या लिनियन सोसायटीचा अध्यक्ष वगैरे राहिलेला. दिसलं ते तारीख-वार लिहून ठेवायचं, हे तिथंही आलंच.

आता पोस्टकार्डाचं. रेकॉर्डिंगनंतर मी त्या मुलाला फोन केला आणि पेटीत अजून काय आहे विचारलं. अकरा पत्रं आहेत म्हणाला, त्यांतली चार आबांची. म्हटलं सगळ्यांचे फोटो पाठव, फक्त आबांच्या चारांचे नको. तो म्हणाला, "मग तुमच्याकडं आमच्या आजोबाची पत्रं असतीनच ना?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माळ्यावर आजीची ट्रंक आहे, किल्ली बाबांकडे आहे. म्हणजे आता बाबांना सांगावंच लागणार.